३.१२ मोठे की ३.९? आणि आईलाच येत नसेल तर?

पत्राचा गोषवारा : नागपुरातल्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. वय छत्तीस, शिक्षण दहावीपर्यंत, घरीच ब्लाउज-ड्रेस शिवून देतात. मिस्टर बुटीबोरीला कंपनीत, शिफ्ट ड्युटी. मुलगी सहावीत. घटक चाचणीत दशांश अपूर्णांकांवर तिला वीसपैकी सहा मार्क पडले. रात्री सगळे झोपल्यावर ताईंनी पेपर उघडून पाहिला. मुलीनं ३.९ पेक्षा ३.१२ मोठे ठरवले होते, ४.७ आणि १.८ ची बेरीज ५.१५ केली होती आणि ०.३ ला ०.२ ने गुणून ०.६ उत्तर काढलं होतं. तिन्हींवर लाल फुली. "खरं सांगू? मला तिन्ही उत्तरं बरोबरच वाटली," असं ताई लिहितात. मिस्टर म्हणतात, क्लास लावून टाक. महिन्याला आठशे रुपये, ते काढायचे कुठून? सासूबाई म्हणतात, "मायच्यावर गेली पोरगी, गणित काही यायचं नाही हिला." मुलगी वही घेऊन आली की ताई मशीनवर बसतात, अर्जंट ऑर्डर आहे म्हणतात. क्लास लावावा का? या वयात स्वतः शिकणं जमेल का? आणि आपल्याला येत नाही हे मुलीला सांगावं का?

प्रिय ताई,

तुम्ही तीन प्रश्न विचारले आहेत, पण मी आधी त्या तीन लाल फुल्यांकडे वळते. बाकीचं त्यातून आपोआप सुटत जाईल.

वीसपैकी सहा म्हणजे पोरीला काहीच येत नाही, असं घरातल्या सगळ्यांनी धरून टाकलंय. पेपर नीट पाहिला तर तसं दिसत नाही. ३.१२ मोठे म्हणताना तिनं टिंबाच्या उजवीकडे पाहिलं, तिथे एका बाजूला १२ आणि दुसऱ्या बाजूला ९. बारा मोठे, म्हणून ३.१२ मोठे. बेरजेत टिंबाच्या डावीकडे ४ आणि १ मिळून ५, उजवीकडे ७ आणि ८ मिळून १५, म्हणून ५.१५. गुणाकारात तीन दुणे सहा, आणि टिंब होतं तिथेच ठेवून दिलं. तीन गणितं, पण समजूत एकच : टिंब म्हणजे मधली भिंत, आणि भिंतीच्या अल्याडपल्याड दोन वेगळ्या संख्या राहतात. समजूत चुकीची आहे, मान्य. पण ती धरून तिनं प्रत्येक गणित इमानदारीनं, क्रमानं सोडवलंय. अंदाजपंचे उत्तरं ठोकणाऱ्या मुलाच्या पेपरात असा मेळ सापडत नाही. मी शाळेत गणित शिकवायचे तेव्हा मला असे पेपर आवडायचे. पोरांच्या डोक्यात काय चाललंय ते कळायचं, आणि एक गाठ सुटली की बऱ्याच फुल्या एकदम जायच्या.

ही चूक तुमच्या घरची नाही, हेही सांगून टाकते. मुलं दशांश शिकायला लागली की जगभर नेमकी हीच चूक करतात. जितके आकडे जास्त तितकी संख्या मोठी, असं त्यांना वाटतं. काहींचं बरोबर उलट होतं. शतांश हा दशांशापेक्षा लहान असतो हे कानावर पडलं, की ०.४५ पेक्षा ०.४ मोठे असं सांगू लागतात. शिक्षणाचा अभ्यास करणाऱ्यांनी या चुकांच्या तऱ्हा केव्हाच नोंदवून ठेवल्या आहेत. तेव्हा सासूबाईंचं ‘मायच्यावर गेली’ हे आता सोडून द्या.

मग ही भिंत तिच्या डोक्यात आली कुठून? आपणच बांधून दिली. घरात टिंब कुठे कुठे दिसतं ते आठवा. लग्नपत्रिकेत मुहूर्त सकाळी १०.३० चा असतो, म्हणजे साडेदहा. मामाची उंची ५.१० म्हणजे पाच फूट दहा इंच, आणि ती काकाच्या ५.९ पेक्षा जास्त. जामठ्याला मॅच असली की टीव्हीवर १८.३ ओव्हर दिसतात. ते अठरा षटकं आणि तीन चेंडू, म्हणजे साडेअठरा. रनरेट काढणाऱ्याला तिथे १८.५ धरावे लागतात. आणि टीव्हीवर १८.५ दिसलं की पुढचा चेंडू पडताच १९ होतात, मधे १८.६ येत नाही. एखाद्या जाड पुस्तकात धड्याच्या पोटभागांचे क्रमांक बघा, २.९ नंतर २.१०. या सगळ्या ठिकाणी टिंब खरोखरच भिंत आहे. पोरगी रोज हेच पाहते, मग गणिताच्या वहीत टिंब दिसल्यावर तिनं वेगळा विचार का करावा?

म्हणून पहिलं काम वहीशिवायचं. दोन-तीन दिवस घरात जिथे टिंब दिसेल तिथे तिला एकच प्रश्न विचारा : टिंबानंतर किती झाले की पुढचा पूर्ण आकडा येतो? घड्याळात साठ, क्रिकेटमध्ये सहा, फूट-इंचात बारा. तापाच्या थर्मामीटरवर दहा, ९८.९ नंतर ९९. मे महिन्यात पेपरात नागपूरचं तापमान ४५.२ छापतात, तिथेही दहा. दहा हे उत्तर जिथे येतं तिथेच ते टिंब दशांशाचं. यात मिस्टरांनाही घ्या, क्रिकेटचं त्यांना तुमच्याहून बरं सांगता येईल. क्लास लावून टाक म्हणणाऱ्या माणसाला पाच मिनिटांचं काम दिलं तर बिघडत नाही.

आता मशीनजवळचा टेप उचला.

गिऱ्हाइकाची छाती पस्तीस इंच आली तर चौथा भाग किती धरता? पावणेनऊ. सदतीस आली तर सव्वानऊ. कागद लागत नाही, मोबाइल लागत नाही, बोलता बोलता खडूची खूण करून मोकळ्या होता. पस्तीस भागिले चार बरोबर ८.७५ असं मुलीच्या पुस्तकात लिहितात, ते हेच. सव्वानऊ म्हणजे ९.२५. या वयात जमेल का, असं तुम्ही विचारलंय. ताई, भागाकार तुम्ही कित्येक वर्षं करताय, फक्त उत्तर पुस्तकाच्या पद्धतीनं लिहीत नाही. शिकायचं आहे ते लिहिणं.

टेपच्या दोन्ही बाजू मुलीला दाखवा. एका बाजूला इंच. तिथे एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ भाग होत जातात, आणि आठवा भाग म्हणजे आपलं एक सूत. दुसऱ्या बाजूला सेंटीमीटर, त्याचे थेट दहा भाग. दशांश म्हणजे ही दुसरी बाजू. प्रत्येक वेळी दहाच भाग पाडायचे, दुसरे पाडायचे नाहीत, एवढा एकच नियम. पुन्हा बारीक मोजायचं असेल तर त्या लहान भागाचे परत दहा. पाचशेतला ५, पन्नासातला ५, नुसता ५ : उजवीकडे येताना दर घराला किंमत दहापट कमी होते हे तिला लहान वर्गांपासून माहीत आहे. एककाशी आलो म्हणून थांबायचं कारण नाही. पुढच्या घरात तोच पाच ०.५ होतो, त्याच्या पुढे ०.०५. टिंबाचं काम इतकंच, की एककाचं घर कोणतं ते दाखवायचं.

मग तिला टेपवर ३.९ शोधायला सांगा. चारच्या एक रेघ आधी, चटकन सापडेल. आता ३.१२. ती आधी गोंधळेल, कारण तशी रेघच टेपवर नाही. ३.१ ची रेघ दाखवा आणि ३.२ ची. त्या दोघींच्या मधल्या फटीचे मनात दहा भाग करायचे आणि त्यातले दोन घ्यायचे. म्हणजे ३.१ च्या पुढे केसभर. बोट तिथे ठेवायला लावा आणि मग विचारा, कोणतं मोठं? तुम्हाला काही सांगावं लागणार नाही. नंतर वहीत ३.९ च्या पुढे शून्य लावून ३.९० लिहा आणि विचारा, टेपवरचं बोट हललं का? नाही हललं. मग ३.१२ आणि ३.९० शेजारी शेजारी ठेवले की बारा आणि नव्वद यांची तुलना होते, आणि ती तिला येते.

बेरीजही टेपवरच. उरलेल्या कापडाची एक पट्टी ४.७ सेंमीची कापा, दुसरी १.८ ची. टोकाला टोक लावून मोजा. साडेसहा भरेल, ६.५. तिचं ५.१५ कुठे गेलं? सात आणि आठ बारीक रेघा मिळून पंधरा झाल्या, त्यातल्या दहा रेघांचा एक पूर्ण सेंटीमीटर झाला, पाच उरल्या. हातचा. एककातून दशकात जातो तसाच हातचा इथे दशांशातून एककात येतो, टिंब त्याला अडवत नाही. बेरजेला ‘टिंबाखाली टिंब’ लिहायला सांगतात ते याचसाठी, की दशांशाखाली दशांश आणि एककाखाली एकक यावा. हे न कळता नुसता नियम पाठ केला की ३.५ आणि ०.२५ एकाखाली एक मांडताना मुलं उजवी कड जुळवतात आणि पाचाखाली पाच लिहून मोकळी होतात.

एक सवय मात्र तुम्हाला दोघींनाही मोडावी लागेल. ‘तीन पॉइंट बारा’ म्हणायचं नाही. ‘तीन पॉइंट एक दोन’. कानावर बारा पडले की डोक्यात बाराच येणार.

किराणा दुकानातल्या काट्यावर पाव किलोला ०.२५० दिसतं, अर्ध्या किलोला ०.५००, पाऊण किलोला ०.७५०. पोरीला पुढच्या वेळी सोबत न्या आणि दुकानदारानं वजन करण्याआधी आकडा सांगायला लावा. पाव म्हणजे ०.२५ च का, हा चांगला प्रश्न आहे, तो तिला स्वतःहून पडला तर शाबासकी द्या. दहाचे चार सारखे भाग होत नाहीत. प्रत्येकाला दोन दशांश दिले की दोन उरतात. ते फोडून शतांश केले तर वीस, प्रत्येकाला पाच. म्हणून दोन आणि पाच. तुमच्या सुताला तर तीन घरं लागतात, एक सूत म्हणजे ०.१२५ इंच. आणि तिसऱ्या भागाची गंमत अशी, की तो कितीही घरं घेतली तरी संपत नाही, ०.३३३ करत चालतच राहतो. शंभर रुपये तिघींत वाटले तर एक पैसा कोणाच्या वाट्याचा, यावर आमच्या वर्गात तास निघून जायचा.

पैशांवरून आठवलं. दशांश शिकवताना बरेच पालक रुपये-पैशांचं उदाहरण घेतात, आणि आपल्या लहानपणी ते चालायचं. आता फारसं चालत नाही. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली, म्हणजे तुमच्या मुलीच्या जन्माच्या आधीच. तिनं पैसा पाहिलेलाच नाही, तर रुपयाचे शंभर भाग तिच्यासाठी फक्त ऐकीव. शिवाय पैशात टिंबानंतर दोनच घरं असतात. त्यामुळे मुलांना वाटत राहतं की दशांशालाही दोनच घरं असतात, आणि ०.१२५ आलं की ती चक्रावतात. टेप आणि काटा बरे.

सासूबाई मात्र अजून चाराणे-आठाणे म्हणत असतील. त्यांच्याकडून पोरीला एक गोष्ट ऐकवा. त्यांना आठवत नसेल तर तुम्ही सांगा. १ एप्रिल १९५७ च्या आधी आपला रुपया सोळा आण्यांचा होता. आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै, म्हणजे रुपयाच्या एकशेब्याण्णव पै. पै सोडली तर इंचासारखाच हिशोब, निम्मे-पाव करत जाणारा. त्या दिवसापासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. जुन्या एका आण्याचे बरोबर सव्वासहा नवे पैसे, आणि सव्वासहाचं नाणं कुठून आणायचं? दुकानात गिऱ्हाइकांचे आणि दुकानदारांचे हिशोब जुळेनात. त्याच काळात १९५६ च्या कायद्यानं शेर-छटाक जाऊन किलो-ग्रॅम आले. इतवारीतल्या गादीवर बसलेल्या शेटजींपासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांना हे नव्यानं शिकावं लागलं, आणि त्यातल्या बऱ्याच जणी तुमच्यापेक्षा कमी शिकलेल्या होत्या, वयानं मोठ्या होत्या. पावकी-निमकीचे पाढे तोंडपाठ असलेल्या लोकांनी दहाच्या हिशोबात हात बसवला. तुम्हाला तर पाढ्यांच्या जोडीला टेपही आहे.

आता राहिलं ०.३ गुणिले ०.२. तीन फुल्यांपैकी ही सगळ्यात अवघड, कारण इथे आणखी एक समज आड येते : गुणलं की वाढतं. हा समज लहान वर्गात पक्का होतो, कारण तिथे वाढतंच. तो मोडायला गांधीबागेतल्या कापडबाजाराचं गणित घ्या. अस्तर साठ रुपये मीटर, तुम्हाला ऐंशी सेंटीमीटर हवं. ०.८ गुणिले ६०, म्हणजे ४८ रुपये. मीटरपेक्षा कमी घेतलं, पैसे साठपेक्षा कमी झाले. गुणूनही उत्तर लहान आलं, यात तुम्हाला काही नवल वाटत नाही. मुलीला वाटेल, कारण कोणी तिला असं दाखवलेलं नाही.

मग लादीवर शिवणाच्या खडूनं एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकोन आखा. त्याच्या कोपऱ्यात तीस सेंटीमीटर बाय वीस सेंटीमीटरचा लहान चौकोन काढा. हेच ते ०.३ गुणिले ०.२. तिचं ०.६ बरोबर असतं तर या लहान चौकोनानं मोठ्याचा निम्म्याहून जास्त भाग व्यापला असता. व्यापलाय का? उघड दिसतंय की नाही. मोजायचंच असेल तर लहान चौकोनात सहाशे चौरस सेंटीमीटर, मोठ्यात दहा हजार. शंभरात सहा. म्हणून ०.०६. दशांशाला दशांशानं गुणलं की शतांश येतात, हे तिला एकदा लादीवर दिसलं की ‘दोन्ही संख्यांतली टिंबानंतरची घरं मोजा आणि उत्तरात तितकी घरं सोडा’ हा शाळेतला नियम तिला पाठ करावा लागणार नाही.

याच बाबतीत शाळेतल्या एका पद्धतीबद्दल माझी तक्रार आहे, आणि ती शिक्षकांनी वाचली तर बरंच. ‘टिंब सरकवा’ हे वाक्य पहिल्याच दिवशी सांगू नये. दहानं गुणलं की एक घर सरकवा, भागलं की उलट सरकवा. मुलांना ते जादूसारखं वाटतं, आणि महिनाभरानं कोणत्या बाजूला सरकवायचं ते आठवत नाही. मग २.५ गुणिले १० बरोबर २.५० असंही लिहितात, कारण दहानं गुणलं की शून्य लावायचं हे आधीपासून पाठ असतं. सहा मीटरच्या ताग्यातून पाऊण मीटरचे किती ब्लाउजपीस निघतील? आठ, तुम्ही लगेच सांगाल. वहीत ते ६ भागिले ०.७५ असतं. तिथे टिंब सरकवण्याऐवजी दोन्ही मापांचे सेंटीमीटर करा. सहाशे भागिले पंच्याहत्तर, उत्तर आठ. टिंब गेलं ते एवढ्यासाठी, की आपण लहान मापानं मोजलं. आणि भागून उत्तर वाढलं, तेही बरोबर, पीस लहान म्हणून जास्त निघाले.

गणित करण्याआधी अंदाज सांगायची सवय तिला लावा. मी तर म्हणेन, पहिले काही दिवस फक्त अंदाजच विचारा. बाही साडेचौदा इंच, सेंटीमीटरमध्ये किती? एक इंच म्हणजे बरोबर २.५४ सेंमी. तिला आधी म्हणू द्या, अडीच धरले तर छत्तीसच्या वर काहीतरी. मग कागदावर १४.५ गुणिले २.५४ करू द्या. उत्तर ३६.८३ आलं तर ठीक. ३६८.३ आलं तर ती स्वतःच हसेल, कारण एवढी लांब बाही कोणाची नसते. मोबाइलवर आकडे दाबतानाही हाच अंदाज कामाला येतो. लहान बाळाच्या औषधाच्या बाटलीवर २.५ मिली लिहिलेलं असतं. तिथलं टिंब नजरेतून सुटलं तर दहापट औषध पोटात जाईल. म्हणून औषधाच्या चिठ्ठीत नुसतं .५ न लिहिता ०.५ लिहायची शिस्त असते, आणि ५ च्या जागी ५.० लिहीत नाहीत, कोणी पन्नास वाचू नये म्हणून.

आता क्लास. माझं मत : आत्ता लगेच नको. आठशे रुपये तुमच्यासाठी मोठी रक्कम आहे हे एक कारण. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं, की वीस-पंचवीस मुलांच्या बॅचमध्ये तिला पुन्हा नियमच मिळतील, आणि ३.१२ मोठे का वाटले हे विचारायला तिथे कोणाला वेळ नसेल. आधी तो पेपर घेऊन तिच्या वर्गशिक्षकांना भेटा. मार्क कमी का दिले म्हणून जायचं नाही. हिच्या डोक्यात टिंब भिंतीसारखं बसलंय, वर्गात तिला एकदा फळ्यावर बोलवाल का, इतकंच विचारा. बहुतेक शिक्षकांना असा नेमका प्रश्न आवडतो. क्लास कायमचा वाईट असं मी म्हणत नाही. तुमच्या सोसायटीत किंवा गल्लीत एखादी बारावीची मुलगी शांतपणे तिच्यासोबत बसून ‘हे तू कसं केलंस?’ असं विचारणारी असेल, तर तो क्लास मोठ्या पाटीच्या क्लासपेक्षा चांगला. पैसेही कमी लागतील. आणि दशांशाशिवाय बाकीच्या धड्यांतही तिची गाडी अडत असेल, साध्या भागाकारातच घोटाळा असेल, तर मात्र बाहेरची मदत लांबवू नका. दशांशात रुतणाऱ्या कितीतरी मुलांचा खरा अडसर भागाकार असतो.

आणि मुलीला सांगायचं का? सांगा. पण काय सांगायचं ते नीट ठरवा. ‘मला गणित येत नाही’ असं सांगू नका. ते खरं नाही, आणि मुली ते वाक्य फार पटकन स्वतःला लावून घेतात. ‘शाळेत दशांश मला नीट कळले नव्हते, तुझा पेपर बघून माझ्याही लक्षात आलं, चल दोघी बघू’ एवढं पुरे. मग टेप तिच्या हातात द्या आणि समजावायला तिलाच लावा. चुकली तर लगेच दुरुस्त करू नका, टेपवर शोधायला सांगा. जेवणानंतर वीस मिनिटं, त्याहून जास्त नको. खरोखरच अर्जंट ऑर्डर असेल त्या दिवशी तसं स्पष्ट सांगा आणि उद्याची वेळ द्या. मशीनमागे लपलात तर ती ओळखते, आई कधी खरंच कामात असते हे मुलांना चांगलं कळतं. सासूबाई मधे काही बोलल्या तर भांडू नका, पोरीला त्यांच्याकडे चाराण्याचे किती आणे विचारायला पाठवून द्या.

तीन-चार आठवड्यांनी पुढचं ठरवायला काही आधार हवा, म्हणून पाच प्रश्न देते. अशाच पेचातल्या बाकीच्या पालकांनीही हे आपापल्या मुलांना विचारून पाहावेत. ०.५, ०.४०५, ०.४५ आणि ०.०५४ चढत्या क्रमानं लावायला सांगा. ०.०५४, ०.४०५, ०.४५, ०.५ असं आलं पाहिजे. ०.५ सगळ्यात आधी लिहिला तर भिंत अजून उभी आहे. ६.९ मध्ये ०.१ मिळवायला सांगा. ६.१० आलं तर परत टेप, ७ आलं तर पुढे जा. ५ मधून ०.३५ वजा करायला सांगा. उत्तर ४.६५, आणि ५.३५ आलं तर ५ हे ५.०० असं लिहून घ्यायची सवय लागलेली नाही. ०.५ चं निम्मं विचारा, ०.२५ सांगायला हवं, आणि ते तिला काट्यावरून किंवा टेपवरून दाखवताही यायला हवं. शेवटचा माझा आवडता : ०.३ आणि ०.४ च्या मधे एखादी संख्या आहे का? ‘नाही’ म्हणाली तर रेघांच्या मधल्या फटीपर्यंत ती अजून पोहोचलेली नाही. ‘०.३५’ म्हणाली तर छान, आणि ‘आई, खूप आहेत, मोजताच येणार नाहीत’ असं म्हणाली तर सासूबाईंना आत बोलवा आणि पुन्हा विचारा.

पाचातली चार जमली तर क्लासचे पैसे राहू द्या. त्यातून एक लांब धातूची पट्टी आणि चौकटीची वही घ्या, टेप तुम्हाला कामाला लागतो. दोनच जमली तर शिक्षकांकडे परत जा, आणि या वेळी तिला सोबत न्या.